चिंच आणि राख

दसऱ्याच्या सकाळी इंद्रजीतनं अंगणातल्या गाडीवरचं कव्हर ओढलं आणि "आई!" अशी हाक मारली, की शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई हातातली चादर तशीच धरून बघत उभी राहिली.

आशाबाई आत पुरण वाटत होत्या. हाक कशाबद्दल आहे हे त्यांना ठाऊक होतं. काल दुपारपासून त्यांनी दुसरं केलं काय होतं, ह्या हाकेची वाट बघण्याशिवाय! त्यांनी हात धुतले, पदराला पुसले आणि जाता जाता आतल्या खोलीत डोकावल्या. कडुबा आंघोळ करून पलंगावर बसले होते, नव्या सदऱ्याची बटणं लावत. एक बटण वरच्या काजात गेलं होतं. आशाबाईंनी पुढं होऊन ते नीट केलं.

"कोण वरडतंय गं?"

"इंद्रजीत आलाय. तुम्ही बसा निवांत, मी चहा आणते."

त्या बाहेर आल्या. इंद्रजीत गाडीच्या तोंडाशी उभा होता. गुलमंडीत कापडाचं दुकान चालवणारा, बेचाळीस वर्षांचा बाप्या माणूस, पण ह्या घडीला त्याचं तोंड परीक्षेत नापास झालेल्या पोरासारखं झालं होतं. त्याच्या मागं त्याची बायको मोनिका झेंडूच्या माळा घेऊन, आणि जालन्याहून पहाटेच्या बसनं आलेली बहीण प्रेरणा, खांद्यावरची पिशवीही न उतरवता.

"हे काय झालंय?"

"धुतली मी काल. खंडेनवमी होती ना."

"धुतली? कशानं धुतली?"

"चिंचेच्या पाण्यानं." आशाबाई थांबल्या. "आन् राखेनं."

"राखेनं?" प्रेरणा म्हणाली. "आई, गाडी हाये का ती परात हाये?"

गाडी तशी साधीच, जुनी मारुती. पण तिचा रंग साधा नव्हता. कडुबा वाळूजच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं पेंट शॉपला होते, आणि रिटायर झाल्यावर पहिल्याच वर्षी त्यांनी दोस्त कमरोद्दीनच्या गॅरेजमध्ये बसून हा मोरपंखी स्वतःच्या हातानं कालवला. कुठल्या कंपनीच्या कार्डावर तो नव्हता. त्याला नंबर नव्हता. निळा किती, हिरवा किती, काळ्याचे थेंब किती, हे कडुबांच्या डोळ्यांनी ठरवलं होतं, आणि ते डोळे त्यानंतर चारच वर्षांत गेले. क्रांती चौकात सिग्नलला लोक काच खाली करून विचारायचे, कुठून मारला हो रंग? कडुबा मान न वळवता सांगायचे, घरी. आता त्याच रंगावर, बॉनेटला आणि टपाला, कुणीतरी पीठ सांडून ओल्या फडक्यानं फासावं तसा पांढुरका थर दिसत होता. उन्हाच्या तिरपीत बघितलं की हातानं घासल्याचे गोल गोल ओरखडे मोजून घ्यावेत इतके स्पष्ट.

"कुणी सांगितलं तुला हे?" इंद्रजीतनं विचारलं. "मोबाइलवर बघितलं ना? सांग ना. त्या बाया दाखवतात, राखेनं चांदी चमकवा, चिंचेनं नळ चमकवा..."

"व्हय," आशाबाई म्हणाल्या. "मोबाइलवरच."

खोटं होतं ते. मोबाइलवर त्या भजनाशिवाय काही बघत नसत.

काल सकाळी कडुबा रोजच्या सवयीनं गाडीपाशी गेले होते. एका डोळ्यानं त्यांना आता नुसता उजेड कळायचा, दुसरा अधू. पण तळहात शाबूत होता. कारखान्यात ते नुसता हात फिरवून सांगायचे, इथं धूळ बसलीय, इथं रंग ओघळलाय, आणि दिव्याखाली धरलं की निघायचंच तसं. काल त्या हाताला कण लागले. बोअरचं पाणी जड. वाळलं की पांढरे ठिपके धरतं, तेच होतं ते. कडुबांनी आशाबाईंना हाक मारली.

"आशे, क्षार बसलेत ह्याच्यावर. चिंचेचं पाणी लाव आन् राखेनं घास. देवाची भांडी घासतीस तशी."

"अवो, रंगाला राख?"

"पेंट शॉपला एकतीस वर्षं कोण व्हतं? तू का मी?"

आता ह्यावर बाईनं बोलावं काय? कोरड्या फडक्यानं गाडी पुसली म्हणून ह्याच माणसानं शेजाऱ्याशी महिनाभर बोलणं टाकलं होतं. हे आशाबाईंनी डोळ्यांनी बघितलेलं. मन सांगत होतं, हे बरोबर नाही. पण चव्वेचाळीस वर्षं रंगाच्या बाबतीत घरात कडुबांचा शब्द शेवटचा. आणि दुसरंही एक होतं. तुम्ही चुकताय असं म्हटलं असतं, तर ते आता चुकायला लागलेत हे स्वतःलाही कबूल करावं लागलं असतं, आणि तेवढी छाती त्यांना झाली नाही. त्यांनी चिंच भिजत घातली, बंबातली राख चाळून घेतली, आणि दुपारी एकच्या उन्हात दोन तास गाडी घासली. ओली होती तोवर सुरेख दिसली. वाळल्यावर त्या खाली पायरीवर बसल्या त्या अर्धा तास उठल्याच नाहीत.

संध्याकाळी कडुबा म्हणाले, "उद्या गाडीची पूजा हाये. मला इचारल्याबिगर कुणी हात लावू नका तिला." सकाळचं सांगणं त्यांच्या गावीही नव्हतं. तेव्हा आशाबाईंनी कव्हर ओढलं.

मुलांना हे सांगायचं नव्हतं, त्याला कारण होतं. गेल्या श्रावणात कडुबा फुलं आणायला म्हणून निघाले आणि दोन तासांनी क्रांती चौकात सापडले. कंपनीच्या बसची वाट बघत उभे होते, दुसऱ्या पाळीला जायचंय म्हणाले. रिटायर होऊन अकरा वर्षं झालेला माणूस! इंद्रजीत तेव्हाच म्हणाला होता, आता बास. अजून एकदा असं काही झालं, की तुम्ही दोघं बीड बायपासला माझ्या फ्लॅटवर. सिडकोचं हे घर भाड्यानं देऊन टाकू. आशाबाईंनी तेव्हा ऊन लागलं असेल म्हणून वेळ मारून नेली. सहाव्या मजल्यावर ना अंगण, ना गाडी, ना हाताला ओळखीची भिंत. तिथं हा माणूस सहा महिन्यांत निव्वळ बसून राहील, आणि मग उठणार नाही. हे त्यांना पक्कं वाटत होतं. म्हणून राख त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतली.

पण पोरं काय बोलतील हे कुठं हातात असतं?

"दादा, मी काय म्हणते," प्रेरणानं अखेर पिशवी खाली ठेवली. आजवर फ्लॅटच्या विषयात ती आईच्या बाजूनं भांडत आली होती. "तू म्हणत होतास तेच खरं वाटतंय मला. अण्णांचं सोड, आईचंच भान राहिलं नाही. उद्या गॅसवर काय ठेवेल, औषध कोणतं देईल, कसा भरवसा धरायचा?"

"मला काय झालंय?" आशाबाई म्हणाल्या.

"काय झालंय? अण्णांचा जीव ह्या रंगात आहे हे तुला माहीत नव्हतं? चाळीस वर्षं राहिलीस ना त्यांच्यासोबत?"

"चव्वेचाळीस," आशाबाई म्हणाल्या. नवऱ्याला वाचवायला गेल्या तर पोरांनी त्यांनाच खुळ्यात काढलं. दोन्हीकडून रस्ता फ्लॅटकडंच जात होता.

इंद्रजीतनं दिवाळीच्या आत सामान हलवायचं असं तिथल्या तिथं ठरवून टाकलं आणि कमरोद्दीनला फोन लावला.

मोनिका सासूच्या पाठोपाठ स्वयंपाकघरात गेली. खरं सांगायचं तर सासू-सासरे फ्लॅटवर यावेत असं तिलाही फारसं वाटत नव्हतं. दोन खोल्यांत सहा माणसं, पोरांचे अभ्यास. तिचा जीव आधीच मेटाकुटीला आलेला. पण तिच्या मनात आता निराळंच चाललं होतं. मोरीपाशी राखेचा डबा होता, चाळणी होती, आणि वाटीत चिंचेचा चोथा. देवाची भांडी मात्र कोनाड्यात तशीच काळवंडलेली. दसऱ्याच्या दिवशी ह्या घरात कधी असं झालं नव्हतं.

"आई," तिनं हळू विचारलं, "सगळी राख गाडीलाच लावली?"

"पुरण बघ, खाली लागंल."

"तुम्ही अण्णांचा चष्मासुद्धा त्यांना विचारल्याशिवाय पुसत नाही. गाडीला हात लावाल? तेही मोबाइलवर बघून?"

आशाबाईंनी पाटा सोडून सुनेकडं बघितलं. मोनिकाला मग वेगळं विचारायची गरज राहिली नाही. गणपतीत अण्णांनी तिला एकच गोष्ट तासाभरात तीनदा विचारली होती, धाकट्याची शाळा कोणती म्हणून. तिनं तिन्ही वेळा तितकंच सरळ उत्तर दिलं होतं आणि नवऱ्याला सांगितलं नव्हतं. का सांगितलं नाही, ते तिचं तिलाही कळलं नव्हतं.

"तुला माझी शपथ हाये मोनिका."

"पण बोलणी तुम्ही का खायची?"

"मला बोलणी पचत्यात गं. त्यांना नाय पचायची. त्या माणसाकडं आता दुसरं ऱ्हायलंय काय? डोळे गेले. रंगातलं कळतं, एवढंच ऱ्हायलंय. तेबी गेलं म्हणून कुणी त्यांच्या तोंडावर सांगायचं?"

मोनिकानं मान खाली घातली आणि पुरण ढवळायला घेतलं. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते तिनं पुसलंही नाही.

कमरोद्दीन दरवर्षी दसऱ्याला येतच असे, सोनं द्यायला. आज फोनमुळं लवकर आला, स्कूटरच्या डिकीत आपट्याची पानं आणि सोबत पॉलिशचा डबा. तोही त्याच पेंट शॉपचा. कडुबांच्या हाताखाली शिकलेला, आता स्वतःचं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज. त्यानं बॉनेटवर वाकून वास घेतला. बोट ओलं करून फिरवलं, आणि ओल्या जागी मोरपंखी लख्ख झाला, तसा वाळेपर्यंत बघत राहिला.

"क्लिअर उड गया इंदरबाबू," तो म्हणाला. "रंगावर आम्ही एक पारदर्शक थर देतो, त्यालाच क्लिअर म्हणायचं. चिंचेनं तो खाल्ला, राखेनं घासून काढला. वरून ऊन."

"पॉलिशनं जाईल?"

"बाजूचे दरवाजे होतील. टप आणि बॉनेट नाय. घासत गेलो तर खालचा रंगच निघंल, आणि हा रंग तर मला कालवता येत नाय. कुणालाच येत नाय." त्यानं डबा पुन्हा पिशवीत टाकला. "कुणी सांगितलं असं धुवायला?"

"आईनं मोबाइलवर बघितलं."

कमरोद्दीननं दारात उभ्या असलेल्या आशाबाईंकडं बघितलं. त्याला आठवलं, गेल्या आठवड्यात कडुबाभाईचा फोन आला होता. कैसा है, पोरं कशी हायेत, गॅरेज कसं चाललंय. ठेवला आणि पाच मिनिटांनी पुन्हा फोन, कैसा है, पोरं कशी हायेत. तो तेव्हा हसला होता. आता त्याला आपल्या त्या हसण्याची लाज वाटली.

तेवढ्यात कडुबा स्वतःच बाहेर आले. भिंतीला हात लावत, तीन पायऱ्या मोजत. कुणाला काही सुचायच्या आत त्यांचा तळहात बॉनेटवर पडला.

हात पुढं गेला, मागं आला. मग उलटा करून त्यांनी बोटांची पाठ फिरवली. दिव्यापर्यंत गेले, वाकले, मग हात काचेच्या कडेनं टपावर चढला. कारखान्यातला बारीक सारीक दोषही ज्याच्या हातातून सुटला नाही, त्याला हे सांगायची गरज नव्हती. त्यांच्या तोंडावरचं रक्त उतरत गेलेलं सगळ्यांना दिसलं.

"कुणी घासली?"

"मी," आशाबाई म्हणाल्या.

"कशानं?"

"चिंच आन् राख."

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाय. माझं मीच केलं. चुकलं माझं."

"अण्णा, तुम्ही बसा आधी," इंद्रजीत म्हणाला. "आईला मी बोललोय. आता तुम्ही दोघं माझ्याकडंच..."

"मैं बोला था," कमरोद्दीन मध्येच म्हणाला. सगळे त्याच्याकडं वळले. त्याचा आवाज चमत्कारिक झाला होता. "कडुबाभाई, भाभीला मी सांगितलं. फोनवर. क्षार हायेत म्हणाल्या, तर मी म्हटलं, चिंच लावा, राख लावा. गलती हो गई. मेरी गलती है."

इंद्रजीत आ वासून बघत राहिला. "चाचा, तुम्ही? आत्ता तर तुम्हीच विचारत होता मला!"

कडुबा हसले. त्या हसण्यात आनंदाचा लवलेश नव्हता.

"कमरू, तुला पहिल्या दिवशी काय शिकवलं व्हतं मी? रंगाला काय लावायचं नाय?"

कमरोद्दीननं डब्याची पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली.

"बोल की."

"जे भांड्याला लावतो ते."

"मग तू सांगशील? मान कापली तरी सांगशील?" कडुबांनी हात गाडीवरून काढला नाही. तसेच उभे राहून ते विचार करत होते, आणि विचार करायला त्यांना किती जोर लावावा लागतोय हे कपाळावर दिसत होतं. "तू खोटं बोलायलास. ही बी खोटं बोलायली. आशी आपल्या मनानं माझ्या गाडीला हात लावंल? हिनं माझ्या डब्याचं झाकणबी मला इचारल्याबिगर उघडलं नाय कधी. दोघं जण खोटं बोलायलेत. कुणासाठी बोलायलेत?"

"अवो, आत चला ना," आशाबाईंचा आवाज फुटला.

"हिच्याकडून असं करून घेणारा एकच माणूस हाये ह्या घरात." कडुबा म्हणाले. "मीच सांगितलं असंल. व्हय ना गं?"

आशाबाईंनी तोंडाला पदर लावला.

"मला आठवंना," कडुबा म्हणाले. "आशे, मला कायबी आठवंना."

प्रेरणा आईजवळ गेली आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकून रडायला लागली. सकाळपासून काय काय बोललो ते तिला आठवत होतं, आणि एकेक शब्द परत घ्यावासा वाटत होता. इंद्रजीत मात्र जागचा हलला नाही. बापाला त्यानं रागावलेलं बघितलं होतं, आजारी बघितलं होतं. पण आपल्या हातांकडं असं घाबरून बघताना त्यानं बापाला कधी बघितलं नव्हतं.

शेवटी कडुबाच सावरले. "इंद्रजीत, कागद-पेन आण."

"कशाला अण्णा?"

"आण म्हणतो ना. आज डोकं ठिकाणावर हाये तोवर सांगतो. लिही."

मोनिकानं घरातल्या हिशेबाच्या वहीतलं पान फाडून आणलं. इंद्रजीत पायरीवर बसला, कडुबा गाडीला टेकून उभे राहिले.

"पहिलं नुसतं पाणी. वरून खाली सोडायचं. हात लावायचा नाय, धूळ पाण्यानंच उतरू द्यायची. लिहिलं? गाडी सावलीत पाहिजे. पत्र्याला हात लावून बघायचा, गार झाला का. मग दोन बादल्या. एकीत गाडीचा शाम्पू, दुसरीत नुसतं पाणी, फडकं खळबळायला. फडकं खाली पडलं का बाद. पुन्हा गाडीला लावायचं नाय. भांड्याचा साबण नाय, कपड्याची पावडर नाय, रॉकेल नाय, डिझेल नाय. लोक सांगत्यात, डिझेलनं चमक येती. चमक येती आन् रंग मरतो. बोअरचं पाणी अंगावर वाळू द्यायचं नाय. लगेच टिपायचं. पुसायचं नाय, टिपायचं. लहान लेकराचं अंग टिपतो तसं."

कमरोद्दीन ऐकत उभा होता. शिकाऊ असताना हेच शब्द, ह्याच क्रमानं त्यानं ऐकले होते.

"झालं? आता खाली लिही. हे कडुबानं शुद्धीत सांगितलं. उद्या कडुबानं दुसरं काय बी सांगितलं, तर ते धरायचं नाय. हे खरं धरायचं."

इंद्रजीतचं पेन थांबलं.

"लिही की."

त्यानं लिहिलं. कडुबांनी कागद मागून घेतला आणि बॉनेटवर ठेवून खाली सही केली. सही कागदाच्या बाहेर गेली. शेवटची वेलांटी त्या पांढुरक्या रंगावर उमटली. कुणी ती पुसायला गेलं नाही.

जेवणं झाली. बाकीच्यांच्या पानांत पुरणपोळ्या तशाच उरल्या. कडुबांना मात्र भूक चांगली होती. दोन पोळ्या खाऊन ते आडवे झाले. इंद्रजीत आईजवळ आला, तेव्हा ती देवाची भांडी घासायला बसली होती.

"तू मला का नाही सांगितलंस?"

"तू नेलं असतंस आमाला."

इंद्रजीत खाली उकिडवा बसला. "आई, मला भीती वाटते गं. तुम्हाला काही झालं तर... मी त्या भीतीनंच बोलतो सगळं."

"मला काय कमी वाटती व्हय? रोज वाटती." तिनं ताम्हन पाण्याखाली धरलं. "पण ते सकाळी उठून भिंतीला हात लावत गाडीपाशी जातात ना, तेवढ्यापुरते ते पहिल्यासारखे असतात. तेवढं राहू दे त्यांचं. तेवढंबी जाईल तेव्हा मी सवता सांगंन तुला, ने म्हणून."

इंद्रजीतनं ताम्हन तिच्या हातातून घेऊन पुसलं. मग म्हणाला, "दर रविवारी मी येतो. गाडी मी धुवीन."

आशाबाईंनी नुसती मान हलवली.

साडेचारला सगळे सोनं लुटायला निघायच्या तयारीत अंगणात जमले. गाडीला झेंडूची माळ घातली होती, चाकाखाली लिंबू. कमरोद्दीन घरी जाऊन परत आला होता, आपट्याची पानं हातात घेऊन. कडुबा झोपून उठले, टोपी घातली आणि पायऱ्या मोजत बाहेर आले. सवयीनं हात बॉनेटवर गेला.

हात थांबला. मग पुन्हा फिरला.

"आशे," कडुबा ओरडले, "गाडीला काय झालं हे? कुणी घासली?"

सकाळचा तोच माणूस, तोच हात, आणि तोंडावर तसंच उतरत चाललेलं रक्त. त्यांना काही म्हणजे काही आठवत नव्हतं. प्रेरणानं घाबरून भावाकडं बघितलं. आशाबाईंनी ओठ उघडले. परत एकदा तेच सगळं सोसायची त्यांची तयारी होती.

"मी घासली, अण्णा," इंद्रजीत म्हणाला.

"तू?"

"हो. काल मीच आलो होतो. चिंच लावली आणि राखेनं घासली."

कडुबा आवाजाच्या रोखानं वळले. "गाढवा! पेंट शॉपवाल्याचा पोरगा ना तू? राखेनं? अरे, बापानं एकतीस वर्षं काय घातलं तुझ्या डोक्यात?" आणि मग त्यांनी जे झापायला सुरुवात केली, ते शेजारच्या गच्चीपर्यंत ऐकू गेलं. कापडं विकून विकून बुद्धी गेली म्हणाले. रंगाची इज्जत नाही म्हणाले. बोलता बोलता त्यांची मान ताठ झाली, आवाजाला जुना दम आला, आणि कमरोद्दीनला क्षणभर वाटलं की आता ते आपल्यालाही दोन शब्द सुनावतील. इंद्रजीत मान खाली घालून ऐकत राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला बापाची बोलणी संपूच नयेत असं वाटत होतं.

"कागद आण," कडुबा शेवटी म्हणाले. "सांगतो तसं लिहून घे. पुन्हा चूक नको."

इंद्रजीतचा हात वरच्या खिशाकडं गेला. सही केलेला कागद तिथंच होता, घडी घालून. त्यानं हात परत घेतला.

"मोनिका, एक कागद दे गं," तो म्हणाला, आणि पायरीवर बसला. "हां अण्णा. सांगा."

"पहिलं नुसतं पाणी. वरून खाली सोडायचं..."

सोनं लुटायचं राहून गेलं. इंद्रजीत पहिल्यापासून लिहीत होता. सावली, गार पत्रा, दोन बादल्या, टिपायचं. सकाळच्यापेक्षा एक शब्द इकडचा तिकडं नव्हता. मग कडुबा थांबले, आणि आशाबाई कुठं उभ्या असतील त्या अंदाजानं त्यांनी तोंड फिरवलं.

"आन् अजून एक लिही," ते म्हणाले. "आशीला ह्या कामाला लावू नका. तिला ऊन सोसत नाय. आन् तिला कुणी काय बी सांगितलं तरी ती नाय म्हणत नाय."

हे सकाळी नव्हतं. इंद्रजीतनं तेही लिहून घेतलं.